दोघांचा श्वास एकदम

दीक्षा मला पहिल्यांदा भेटली तेव्हा ती माझ्यावर ओरडत होती.

पाऊस वगैरे काही नव्हता. डिसेंबर होता. शाळेच्या मैदानात तांबडी धूळ उडत होती आणि मी स्पीकरच्या बॉक्सवर चढून वायर बांधत होतो. रत्नागिरीहून पूर्णगडाकडे जाताना एक हायस्कूल लागतं, तिथल्या स्नेहसंमेलनाची ऑर्डर होती.

"ओ साऊंडवाले! खाली उतरा आधी."

मी खाली पाहिलं. हिरवी साडी, पदर कमरेला खोचलेला, हातात खडूची भुकटी. शिक्षिका असणार हे उघड होतं.

"तुमच्याकडे पेनड्राइव्ह दिलाय का कुणी?"

"हो. सेक्रेटरींनी दिलाय. स्वागतगीत आहे त्याच्यात."

"मग माझी मुलं काय करणार?"

"तोंड हलवणार," मी म्हणालो. "मला तसंच सांगितलंय."

मला वाटलं, आता ही रडते. रडली नाही. मी बॉक्सवरून उतरलो तशी एक पाऊल पुढे आली.

"महिनाभर शाळा सुटल्यावर थांबून बसवलंय त्यांनी ते गाणं. बस चुकली तर चालत गेलीत घरी. आणि आता स्टेजवर उभं राहून नुसती तोंडं हलवायची? मासे आहेत का ती?"

"मला काय विचारता, मॅडम? मी फक्त बटण दाबतो."

"मग दाबू नका."

एवढं बोलून ती गेली. मी तिच्या पाठीकडे बघत राहिलो… आणि मला राग आला. तिचा नाही. ती बोलेपर्यंत मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, आणि ती बोलल्यावर सगळंच वावगं दिसायला लागलं. सेक्रेटरी हरिश्चंद्रभाऊ म्हणाले होते, पाहुणे मोठे आहेत, पोरं बेसूर गायली तर संस्थेची लाज जाईल. पोरं शाळेची, संमेलन पोरांचं, आणि लाज कुणाची तर संस्थेची!

पाहुणे उशिराच आले. मुलं तोवर उन्हात रांगेत उभी. गाडी फाटकातून आत शिरली तसे भाऊ धावत माझ्याकडे आले.

"लाव, लाव! चालू कर गाणं!"

"भाऊ, पेनड्राइव्ह सापडत नाहीये."

"अरे आत्ता दिला ना तुला?"

"इथंच ठेवला होता… धावपळीत कुठं पडला काय माहीत."

पेनड्राइव्ह माझ्या शर्टाच्या खिशात होता. दीक्षा स्टेजच्या पायरीवर उभी होती आणि सरळ माझ्या खिशाकडे बघत होती. मी माईक चालू केले. तिने मुलांकडे वळून हात वर केला.

मला गाण्यातलं कळत नाही. माझे वडील भिकू यांनी भोंगे भाड्याने द्यायचा धंदा काढला, मी त्याचं 'सम्यक साऊंड' केलं, एवढाच माझा गाण्याशी संबंध. लग्नं, जयंत्या, पूजा, क्रिकेटच्या मॅची. इतकी वर्षं आवाज मोठा करत आलो, पण तो असा ऐकला नव्हता. एकच गाणं, पण मुली वरून जात होत्या, काही मुलं मधून, आणि कुणाचं कुणावाचून चालत नव्हतं. भाऊ मला खुणा करायला लागले. एक बोट दाखवत होते, म्हणजे एकच कडवं घे, मग बंद कर. मी वायर तपासायला खाली वाकलो आणि गाणं संपेपर्यंत वाकलेलाच राहिलो.

पाहुणे गाणं चालू असताना फोनवर बोलत होते. नंतर त्यांनी कलेचं जीवनातलं महत्त्व या विषयावर भाषण केलं. लांबलचक.

संध्याकाळी मी वायरी गुंडाळत होतो. ती चहाचा कप घेऊन आली.

"सापडला का पेनड्राइव्ह?"

"नाही ना."

"खिशात बघा."

"खिशात कसा असेल?"

"वरच्या. डावीकडच्या."

"तुमचं लक्ष माझ्या खिशाकडे होतं काय, मॅडम?"

"खिशाकडेच होतं," ती म्हणाली. "उगाच दुसरं काही समजू नका."

पण ती हसली. हसताना खालचा ओठ दाताखाली धरायची, ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. चहा गार होत होता…

"सकाळी 'हॅलो, हॅलो, चेक' कोण करत होतं?"

"मीच. का? काही तक्रार?"

"तक्रार नाही. गरज आहे. आवाज खाली जातो तुमचा. शनिवारी शेवटच्या तासाला या."

"मी? गायला?"

"गायला नाही हो. धरायला."

तिचं म्हणणं असं होतं. आठवी-नववीत मुलांचा आवाज फुटतो. कालपर्यंत बरा गाणारा मुलगा एकदम घोगरा होतो, चिरकतो, पोरी हसतात, सर म्हणतात तू मागे हो, तू नको. तो मुलगा जो गप्प होतो तो जन्मभर गातच नाही. दीक्षाने अशी सगळी मुलं गोळा करून एक मागची रांग केली होती. त्यांनी चाल म्हणायची नाही, फक्त खालचा 'सा' धरून ठेवायचा, म्हणजे बाकीच्यांना पायाखाली जमीन मिळते. पण पोरांचा सा इकडेतिकडे घसरायचा. त्यांच्यामध्ये एक मोठा पुरुष हवा होता, न घसरणारा.

"शाळेत एवढे सर आहेत की," मी म्हणालो.

"त्यांना विचारलं. त्यांना वाटतं गाणं म्हणजे बायकांचं काम."

"आणि मला काय वाटतं ते कुठं माहीत आहे तुम्हाला?"

"तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात," ती म्हणाली. "मुलांसाठी म्हणायचंय मला."

मी शनिवारी गेलो. पुढच्या शनिवारीही गेलो. आई विचारायला लागली, "शाळेत दर शनवारी कसला रे कार्यक्रम आसता तुजा?"

दीक्षा मूळची गणिताची बाई. चिपळूणची. तिथल्या कॉलेजात समूहगानाच्या गटात होती, तेवढ्यावर तिने हे उभं केलं होतं. पेटी स्वतःची, घरून आणलेली. तिचा नियम एकच होता. कुणालाही काढायचं नाही. भाऊंनी तिला सांगितलं होतं, चांगल्या आवाजाची निवडक मुलं ठेवा, स्पर्धेत ढाल येईल. ती म्हणाली, "उरलेल्यांना कुठे ठेवू? गोदामात?"

मागच्या रांगेत माझ्या एका बाजूला गौरव उभा राहायचा. त्याचे वडील मुंबईला, हा आईजवळ. दांडगा, मारामाऱ्या करणारा. दुसऱ्या बाजूला काही दिवस कुणीच नव्हतं. मग खालचा आवाज कमी पडतोय म्हणून दीक्षा स्वतः तिथे येऊन उभी राहायला लागली. मी खात्रीने सांगतो, आवाज कमी पडत नव्हता.

"सरका जरा," ती म्हणायची.

"भिंत आहे पलीकडे."

"मग भिंतीत सरका."

तिने खाडीवर एक गाणं केलं होतं. शब्द मुलांकडूनच जमवलेले. होडी, भरती, जाळं, असे साधे. त्यात शेवटी एक लांब ओळ होती आणि ती तुटता कामा नये असा तिचा हट्ट. खाडीचं पाणी मध्येच तुटतं का? पण एवढा लांब श्वास कुणाकडेच नसतो. मग ती शिकवायची, प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्याकडे लक्ष ठेवायचं. शेजारी श्वास घेतो तेव्हा आपण धरायचं. आपण घेतो तेव्हा तो धरील. म्हणजे प्रत्येक जण थांबतो आणि गाणं मात्र थांबत नाही.

लोक विचारतात, समूहगानाने मुलांचं काय भलं होतं. भाऊ तर दर मिटिंगला विचारायचे. मी त्यांना एवढंच सांगत आलो, तुम्ही एकदा शनिवारी येऊन बघा. ते कधी आले नाहीत. आले असते तर गौरव दिसला असता. ज्या पोराशी त्याने मधल्या सुट्टीत मारामारी केली, त्याच्याच श्वासाकडे कान देऊन उभा असायचा तो, कारण त्याचा श्वास चुकला तर याचंच गाणं पडणार होतं. वेदिका दिसली असती. वेदिका अडखळत बोलायची. हजेरीला 'हजर' म्हणताना तिचा जीव जायचा, वर्ग खिदळायचा. गाताना ती एकदाही अडखळली नाही. हळूहळू तिला कळलं की बोलायच्या आधीही श्वास घेऊन थांबता येतं. डॉक्टरांकडे न्यायला घरी कुणाला वेळ नव्हता. दीक्षाने नुसतं तिला शेजाऱ्यांच्या मध्ये उभं केलं.

तर एका शनिवारी लांब ओळ चालली होती आणि ती तुटली. पुन्हा घेतली. पुन्हा तिथेच तुटली. मागच्या रांगेत भोक पडत होतं. दीक्षा वैतागली.

"कोण करतंय? गौरव?"

"मी नाय मॅडम! आईच्यान मी नाय."

"पुन्हा."

पुन्हा तुटली. मग पुढच्या रांगेतून वेदिकाने हात वर केला. सगळ्यांनी वळून पाहिलं, कारण वेदिका आपणहून कधी बोलत नसे. तिने श्वास घेतला, थांबली, आणि म्हणाली,

"मॅ… मॅडम, तुमचा आणि साऊंडवाल्या दादांचा श्वास एकदमच पडतो."

आधी गौरव फिस्सकन हसला आणि मग सगळा वर्ग. दीक्षाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी छपराच्या कौलांकडे बघत राहिलो.

"पुढच्या शनिवारी दुरुस्त होईल," ती मुलांना म्हणाली.

शाळा सुटल्यावर मी मोटरसायकलजवळ थांबलो. ती पेटी घेऊन आली. नेहमी मी ती मागे बांधून तिच्या खोलीपर्यंत पोचवायचो. त्या दिवशी तिने पेटी खाली ठेवली आणि हाताची घडी घातली.

"सगळ्या वर्गासमोर…" ती म्हणाली.

"खोटं नाही बोलली पोरगी."

"गणित शिकवते मी. असं एकदम होण्याचा काही संबंध नाही."

"मग तुम्ही जागा बदला."

"मी का बदलू? तुम्ही बदला."

"मला भिंत आहे."

ती हसणार होती, पण तिने ओठ दाताखाली धरला. रस्त्यावरून राजापूरची एसटी गेली. धूळ उडाली. तिने पदराने पेटी झटकली.

"सम्यक," ती म्हणाली. नाव घेऊन पहिल्यांदाच. "ते श्वास घेणं… माझ्याबरोबर… बंद करता येईल तुम्हाला?"

"नाही जमणार."

"मलाही नाही जमणार," ती म्हणाली. "बांधा आता पेटी. ऊन लागतंय."

लग्न चिपळूणला झालं, विहारात. मुलं एसटीने आली आणि माईकशिवाय गायली. दीक्षाची अटच होती ती. माझे वडील आतून धुमसत होते.

"साऊंडवाल्याच्या लग्नात साऊंड नाय? लोक काय म्हणतील रे मला?"

"बाबा, ऐकू येतंय ना सगळं?" दीक्षाने विचारलं.

"येताय तर," ते म्हणाले. "त्याचाच राग येताय."

संसार कसा झाला ते काय सांगू. चांगला झाला. भांडायचो ते टीव्हीच्या आवाजावरून. मला मोठा लागायचा, तिला लहान. लांब ओळीत आमचा श्वास शेवटपर्यंत एकदमच पडायचा. मुलांनी तेवढी जागा भरून काढायला शिकून घेतलं.

ती गेली. आजाराचं नाव लिहून उपयोग नाही. उन्हाळ्यात गेली, शाळेला सुट्टी होती. लोक भेटायला येऊन म्हणायचे, सावरा, देवाची इच्छा. मला त्यांचा राग यायचा, अजून येतो. तिला कसली इच्छा होती ते कुणी विचारत नव्हतं.

जूनमध्ये शाळा उघडली आणि शनिवारचा शेवटचा तास गेला. तिथे प्रवेश परीक्षांची तयारी बसवली. मुलं त्याच वर्गात त्याच बाकांवर बसून उत्तरांचे गोल काळे करायला लागली. पेटी घेऊन जा म्हणून मला शिपायाकरवी निरोप आला. मी आणली. गप्प बसलो.

मग पुन्हा डिसेंबर आला. हरिश्चंद्रभाऊ स्वतः घरी आले. दीक्षाच्या फोटोसमोर हात जोडले आणि खुर्चीत बसले.

"सम्यक, यंदाचं संमेलन दीक्षाबाईंच्या नावाने करायचं ठरवलंय. फोटो, हार, सगळं."

"बरं."

"आणि त्यांचं ते खाडीचं गाणं. तुझ्याकडे रेकॉर्डिंग असेल ना? ते लावू. जुनी मुलं परीक्षांच्या तयारीत आहेत, यंदा आठवीत आलेली नवीन मुलं उभी करू पुढे, हिरवे कपडे घालून."

"नवीन मुलांना ते गाणं येतं?"

"येत नाही. पण काय करायचंय? तोंड हलवतील."

मी त्यांच्याकडे बघितलं. चेष्टा करत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

"भाऊ, तिच्या फोटोला हार घालणार आणि तिच्यासमोर पोरांना मुकी उभी करणार?"

"अरे भावना समजून घे. श्रद्धांजली आहे ती."

"तिचा तास काढून घेतलात आणि तिला हार घालता? तिने एका मुलाला काढलं नाही कधी. तुम्ही सगळी काढलीत. रेकॉर्डिंग मिळणार नाही. साऊंडही मिळणार नाही."

"दुसरा साऊंडवाला आणीन मी."

"आणा. तिचा आवाज कुठून आणणार?"

ते उठून गेले. आई आतून म्हणाली, "चहा तरी घेऊ द्यायचास रे."

मी थांबलो नाही. पालकसभा होती, तिथे गेलो. मला मूल नाही, त्यामुळे दारातच एका सरांनी अडवलं, तुम्ही कोणाचे पालक? मागून आवाज आला, "माझ्याबरोबर आहेत ते."

वेदिका होती. आता रत्नागिरीत कॉलेजला असते. धाकट्या भावाच्या सभेला आईऐवजी आली होती.

मी बोललो. नीट बोलता आलं नाही, आवाज चढला. म्हणालो, तुम्हाला डॉक्टर-इंजिनियर हवेत, घडवा, माझी ना नाही. पण शेजारचा कधी दमतो हे ज्याला कळत नाही असा डॉक्टर घेऊन काय करणार आहात? आठवड्यातला एक तास होता. तेवढाच तुम्हाला जड झाला?

भाऊ म्हणाले, "भाषण छान आहे. पण शिकवणार कोण? तू?"

आणि तिथे मी अडकलो. मला शिकवता येत नाही. मला फक्त सा धरता येतो.

वेदिका उभी राहिली. तिने श्वास घेतला, थांबली. तेवढ्या शांततेत भाऊ काहीतरी बोलायला गेले, पण मागच्या बाकावरून एक आई म्हणाली, "थांबा ओ, बोलू दे तिला."

"मी शिकवीन," वेदिका म्हणाली. "शनिवारी मला कॉलेज नसतं."

मग मुख्याध्यापिका योगिनीबाई उठल्या. त्यांनी भाऊंकडे न बघता सांगितलं की शेवटचा तास त्यांच्या हातात नाही, पण शाळा सुटल्यावर वर्ग उघडा राहील, किल्ली त्या स्वतः देतील. संमेलनात मुलं जेवढं येईल तेवढंच म्हणतील, स्वतःच्या तोंडाने.

तास मिळाला नाही, हे मी विसरलेलो नाही. तो मी मागत राहणार आहे. भाऊंनाही ते माहीत आहे, मला रस्त्यात बघितलं की पलीकडे जातात.

पहिल्या शनिवारी मी पेटी मागे बांधून गेलो. नवीन मुलं आली होती, थोडी लाजत, थोडी घरी जायच्या घाईत. घोगरी पोरं वेदिकाने मागे आणली आणि माझ्या बाजूला उभी केली. भिंतीला लागून माझी जागा. माझ्या शेजारची एक जागा तिने रिकामीच ठेवली.

खाडीचं गाणं घेतलं. वेडंवाकडं झालं. मुलं लांब ओळीपर्यंत पोचली. नवीन असूनही शेजाऱ्याकडे बघत होती, पाळीने श्वास घेत होती, आणि तरी ओळ तुटली. मागच्या रांगेत भोक पडलं.

वेदिकाने हात खाली घेतला.

"दादा," ती म्हणाली, "तिथे तुम्ही श्वास नाही घ्यायचा."

"माहीत आहे."

"मग?"

मी शेजारच्या जागेकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. पोरांना काही कळत नव्हतं, ती आमच्या तोंडाकडे बघत होती.

वेदिकाने ओठ दाताखाली धरला. अगदी तसाच. शनिवारी बघून बघून शिकली असणार.

"बरं," ती मुलांना म्हणाली. "दादा तिथे थांबणार. ते तसेच आहेत. तेवढं तुम्ही सगळ्यांनी धरायचं. चला, पुन्हा."

मी पुन्हा तिथेच श्वास घेतला. या वेळी गाणं तुटलं नाही.